हैबती कुत्र्यास घातलेल्या धान्याबाबत

पोलीस ठाणे कोरेगाव, जिल्हा सातारा.
दिनांक १९ एप्रिल १९७३, गुरुवार, सकाळी साडेदहा वाजता.

नाव रंगूबाई आकाराम जगदाळे. वय पन्नास ते बावन्न, नक्की सांगता येत नाही. धंदा शेती, सध्या दुष्काळी कामावर खडी फोडणे. राहणार मौजे सोनारखळी, तालुका कोरेगाव. लिहिता-वाचता येत नाही.

मी वरील नावाची बाई, मला कोणाचे बोलावणे नसताना आज आपल्या पायाने ठाण्यात आले आहे. हवालदार विचारतील ते आणि विचारणार नाहीत तेही समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती आकाराम असे दोघे राहतो. आमचा एकुलता मुलगा मानसिंग फौजेत शिपाई होता. आमच्या रेशन कार्डावर आम्हा तिघांची नावे आहेत. गावातले रेशनचे दुकान चांदसाहेब मुलाणी चालवतात. मानसिंगच्या नावाचे धान्य मी उचलले व ते आमच्या हैबती नावाच्या कुत्र्याला घातले, असा अर्ज आमच्यावर आला आहे. अर्जातली हकीकत खरी आहे. त्या अर्जावरून गेल्या शुक्रवारपासून चांदसाहेबांचे दुकान बंद आहे आणि त्यांचा परवाना जाणार असे गावात बोलतात. ते होऊ नये म्हणून मी आले आहे. माझे काय व्हायचे ते होवो.

हवालदारांनी पहिलाच प्रश्न असा केला की, "दुष्काळात एवढं दांडगं कुत्रं कशापायी पाळलं, मावशी?" प्रश्न रास्त आहे. मीही तोच प्रश्न आमच्या घरात केला होता. हवालदारांच्या मते त्याचे उत्तर एका ओळीत मावण्यासारखे आहे. ते तसे मावत नाही, म्हणून सगळे लिहून घ्यावे असा माझा आग्रह आहे.

कुत्र्याच्या बाबतीत आमच्या घरात तिघांची तीन मते होती. माझे मत लहान कुत्र्याचे. आमच्याकडे भाकरी थापून झाल्या की काठवटीत शेवटी थोडे पीठ उरते. त्याची तळहाताएवढी भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात. ती कुत्र्याची. कुत्रे त्या चानकीत भागेल एवढेच असावे, पाहुणा आला तर दोनदा भुंकावे आणि थंडीत चुलीजवळ अंग चोरून निजावे, एवढीच माझी अपेक्षा. आकाराम यांचे मत मधल्या कुत्र्याचे. गुडघ्याएवढे पाहिजे, शेरडांमागे धावले पाहिजे आणि बैलगाडीखालून चालले पाहिजे. मानसिंगचे मत मोठ्याचे. तो म्हणायचा, कुत्रे उभे राहिले तर माणसाच्या खांद्याला पंजे लागले पाहिजेत, नाहीतर मांजर पाळावे. जेवताना हा वाद कितीदा झाला त्याला गणती नाही. आकाराम तर भाकरी हातात तशीच ठेवून वाद घालायचे. मला त्या वेळी त्या दोघांचा राग यायचा. आता तो वाद घालायला घरात कोणी नाही.

माझ्या मताप्रमाणे आमच्याकडे सात वर्षे मुगी नावाची कुत्री होती. मुगाएवढी म्हणून मुगी. मानसिंग रजेवर आला की तिला एका हातात उचलून म्हणायचा, "आये, ह्ये कुत्रं हाय का घूस?" मी म्हणायचे, "घूस तर घूस. तुज्यापरास कमी खाती." सन १९७० च्या वैशाखात दिवेलागणीला मुगीला अंगणाच्या कडेवरून लांडग्याने उचलून नेले. मी हातातली घागर टाकून ओढ्यापर्यंत धावले. काही हाती लागले नाही. मी ती हकीकत चांदसाहेबांकडून पत्रात लिहवून मानसिंगला कळवली. गावातली पत्रे तेच लिहितात व तेच वाचून दाखवतात. पूर्वी ते मिरजेला मालधक्क्यावर कारकून होते, त्यांना इंग्रजीही येते.

त्या दिवाळीला मानसिंग रजेवर आला तो सांगलीवरून आला. जतकडच्या एका धनगराकडून त्याने कुत्र्याचे पिल्लू घेतले होते. फौजेच्या कोटात छातीशी धरून ते त्याने एस.टी.तून आणले. मला म्हणाला, "आये, तुज्या मापाचं आणलंय. ह्ये वाढत न्हाई." मी पिल्लू मांडीवर घेतले. अंग टिचभर, पण पंजे माझ्या मुठीएवढे होते. मी जन्मभर वासरे आणि कुत्री वाढताना पाहिली आहेत. पंजे पाहून मला जे कळायचे ते कळले. पण तो एवढ्या लांबून त्याला उबेत धरून आला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणून मी म्हटले, "व्हय बाबा, बारकंच दिसतंय." आकाराम ओसरीवर बसून हसत होते. त्यांनीही पंजे पाहिले होते.

पिल्लाचे नाव मानसिंगने हैबती ठेवले. सहा महिन्यांत तो आकाराम यांच्या मतापुढे गेला आणि वर्षाच्या आत मानसिंगच्या मतालाही पुरून उरला. सन १९७१ च्या मे महिन्यात मानसिंग शेवटच्या रजेवर आला तेव्हा हैबतीने त्याच्या दोन्ही खांद्यांवर पंजे ठेवले. मानसिंगला उभे राहवेना. मी म्हटले, "आता ह्येच्या पोटाला घालू काय? माझं टकुरं?" तो म्हणाला, "माझ्या वाटनीचं घालत जा की. म्या कुटं हितं जेवतोय?" हे त्याचे शब्द आहेत. त्यात मी पदरचे काही घातलेले नाही. कार्डावर त्याचे नाव आधीपासून होते. फौजेत गेलेल्याचे नाव कमी करायचे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते व तेव्हा कोणी विचारलेही नाही.

डिसेंबर महिन्यात लढाई झाली. लढाई संपल्यावर नऊ-दहा दिवसांनी तार आली. मानसिंग बेपत्ता आहे असे तारेत होते. त्यानंतर १९७२ च्या मार्च महिन्यात, होळीनंतर, त्याच्या पलटणीच्या कचेरीचे पत्र आले. ते घेऊन मी भर दुपारी चांदसाहेबांच्या दुकानी गेले. दुकानात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते.

चांदसाहेबांची वाचण्याची पद्धत सगळ्या गावाला माहीत आहे. ते पाकिटावरच्या शिक्क्यापासून सुरुवात करतात आणि शेवटची सही येईपर्यंत एक अक्षर सोडत नाहीत. कोणी घाई केली तर चिडतात. त्या दिवशीचे पत्र इंग्रजी होते, टाइप केलेले, दोन्ही बाजूंनी भरलेले. त्यांनी ते मनात वाचले. उलटून पुन्हा वाचले. मग घडी घालून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आजून शोध चालू हाय, वैनी. सापडला की कळीवतो म्हनत्यात." मी विचारले, "एवढंच?" ते म्हणाले, "एवढंच. बाकीचं सरकारी असतंय." आणि न मागता त्यांनी पुडीत गूळ बांधून दिला.

पत्राबरोबर सही-अंगठा करून परत पाठवायचे कागद होते. बेपत्ता माणसासाठी असले कागद येत नाहीत एवढे मला कळते. गूळ घेऊन मी घरी आले. कागद व पत्र ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवले. कागद कधी पाठवले नाहीत. त्या दिवशी मी संध्याकाळी नेहमीसारखा स्वयंपाक केला. हैबतीला भाकरी घातली.

पुढे आठवड्याने आकाराम यांनी ते पत्र माझ्या अपरोक्ष ट्रंकेतून काढले व तालुक्याला जाऊन कोणाकडून तरी वाचून घेतले. परत आले ते घरात न येता गोठ्यात बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "रंगू, दिवस घालाय पायजेत." मी म्हटले, "बेपत्ता मानसाचं दिवस घालत न्हाईत. चांदभाईंनी वाचलंय त्येच खरं."  तेव्हापासून ते गोठ्यातच निजतात. म्हैस विकून आता पाच महिने झाले, तरी गोठ्यातच निजतात. जेवायला येतात, ताट घेऊन जातात. हैबतीच्या अंगावर त्यांनी तेव्हापासून हात फिरवला नाही, आणि हैबतीही त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला शिकला.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. त्याबद्दल मी काय सांगावे, हवालदारांचेही गाव इकडचेच आहे. विहीर आटली, आम्ही दोघे खडी फोडायला जाऊ लागलो. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळू लागला. भाद्रपदात मिलोची पहिली गाडी आली तेव्हा चांदसाहेबांनी माझे कार्ड हातात घेऊन मला हळू विचारले, "वैनी, मानसिंगचं नाव ऱ्हाऊ द्याचं का?" मी म्हटले, "ऱ्हाऊ द्या. माझ्या जबाबदारीवर ऱ्हाऊ द्या." त्यांनी तिघांचे माप घातले. त्यातला एक दाणा त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. नाव कमी करायला घरच्यांचा अर्ज लागतो. तो द्यायचे काम माझे होते आणि मी तो दिला नाही.

मिलोची भाकरी तुटते, थापताना हाताला चिकटते. हैबती पहिले दोन दिवस नुसता हुंगून बसायचा. मग खाऊ लागला. सकाळी एक, दुपारी एक, सांजेला दीड. मुगीसारखे लहान कुत्रे असते तर चानकीवर भागले असते आणि आज मी या बाकावर बसले नसते. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, सोडून दे त्याला, धनगराच्या मेंढ्यांमागे जाईल. मी सोडले नाही. याचे कारण हवालदारांनी दोनदा विचारले, म्हणून सांगते. मोठ्या कुत्र्याला माणसाइतके लागते, आणि मला घरात एका माणसाइतके लागणारे कोणीतरी हवे होते. मी तीन माणसांचे पीठ मळत होते. हैबती गेला तर दोनच माणसांचे मळावे लागणार. मानसिंगची वाटणी उरली तर ती उचलायची कशाला, आणि उचलायची नाही तर नाव ठेवायचे कशाला, असे कोणीही विचारणार. नाव कमी केले की तो संपला. मी तेवढे होऊ देत नव्हते. मला वेड लागले होते असे कोणी लिहू नये. माझे डोके ठिकाणावर होते.

अर्ज कोणी दिला ते हवालदारांनी सांगितले नाही. पण मला माहीत आहे. आमच्या शेजारणी बनुबाई नाथाजी जगदाळे यांनी दिला. त्यांनी तसे मला तोंडावर येऊन सांगितले, "अर्ज म्याच दिलाया, आक्का. मागनं कळाया नगं." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी तो का दिला, हे अर्जात नाही, म्हणून ते मीच सांगते.

यंदाच्या मार्च महिन्यात बनुबाईंची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. एका दुपारी बनुबाई वाटी घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांनी आमच्याकडे यापूर्वी कधी काही मागितलेले नाही. म्हणाल्या, "आक्का, वाटीभर पीठ आसलं तर द्या. पोरगी कालधरनं कामावरच्या नुसत्या सरकारी सुकडीवर हाय, जीव घाबरा हुतोया तिचा." मी म्हटले, "न्हाई बाई. डबा पालथा हाय." तेवढ्यात मागच्या दाराने हैबती अख्खी भाकरी तोंडात धरून आला आणि आमच्या दोघींच्या मध्ये उंबऱ्यात आडवा होऊन खाऊ लागला. लहान कुत्रे कुठेतरी कोपऱ्यात तोंड लपवून खाते. हा आडवा झाला की उंबरा भरायचा. बनुबाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. वाटी पदराखाली घेतली आणि गेल्या.

डब्यात पीठ होते. मी त्यांना मागे बोलावले नाही. दारात उभी राहून त्या घरात शिरेपर्यंत बघत राहिले. मला त्याची लाज वाटते. सरकारचे धान्य कुत्र्याला घातले याची मला एवढी लाज वाटत नाही, जेवढी त्या वाटीची वाटते. माझ्यावर जो गुन्हा लागेल त्यात हेही धरावे. हवालदार म्हणतात, तसे कलम नाही.

दिनांक १२ एप्रिल रोजी सकाळी नऊच्या सुमारास पुरवठा खात्याचे साहेब कार्ड तपासायला आमच्या घरी आले. त्या दिवशी माझ्या हाताला चिरा पडल्यामुळे मी कामावर गेले नव्हते. साहेबांनी एकेक नाव वाचले व मानसिंग कुठे आहे असे विचारले. मी सांगितले, "रजेवर आलाय. बापासंगं खडीवर गेलाय." हे मी खोटे सांगितले. साहेबांनी वहीत लिहून घेतले आणि ते तसेच खडीच्या कामावर गेले. पुढचे मी पाहिलेले नाही, तेथील बायकांनी सांगितले ते असे. साहेबांनी मुकादमाला विचारले, मुकादमाने आकाराम यांना हाक मारली. साहेब म्हणाले, "तुमचा मुलगा कुठाय?" आकाराम यांनी हातोडा खाली ठेवला, टोपी काढली आणि सगळ्या टोळीदेखत म्हणाले, "सायेब, माझा ल्योक मेला. वरीस झालं." बायका म्हणाल्या की त्यानंतर बराच वेळ कोणी हातोडा उचलला नाही.

दुपारी ते घरी आले. वर्षात पहिल्यांदा आत येऊन चुलीपाशी बसले. म्हणाले, "म्या सांगितलं." मी त्यांच्यापुढे ताट ठेवले. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. बोल लावावा असे ते काही खोटे सांगून आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद झाले. गावात असे बोलू लागले की चांदसाहेबांनी मेलेल्या माणसाचे कार्ड चालवले, अर्धे धान्य म्हातारीला आणि अर्धे स्वतःच्या घरात. हे बोलणारे तेच लोक आहेत, ज्यांची पत्रे चांदसाहेब वीस वर्षे फुकट वाचत आले. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून होते, माझ्याकडे पाहून उठून आत गेले. त्यांच्या पत्नी मेहरुनबी बाहेर आल्या. त्यांनी मला बसायला पोते टाकले आणि म्हणाल्या, "तुमी काय बी बोलू नगा, वैनी. त्येंनी समदं आपल्या अंगावर घ्याचं ठरीवलंय. दोन दिस झालं, पोटात अन्न न्हाई."

मंगळवारी माझा भाऊ गुंडा सांगलीजवळच्या कुपवाडहून आला. तो तेथे एका कारखान्यात पहारेकरी आहे. तेथील मालकांना आवारासाठी मोठेच कुत्रे हवे होते. लहान आणि मधली त्यांनी दोन ठेवून पाहिली, कामाची निघाली नाहीत असे गुंडा म्हणाला. मी हैबतीला न्यायला सांगितले. सडकेवर मालट्रक उभा केला होता. हैबती फळीवर चढेना. रस्त्यात पोट टेकून पडून राहिला. गुंडाला एकट्याला तो उचलेना. तेव्हा आकाराम पुढे झाले, त्यांनी मागून दोन्ही हात घातले आणि दोघांनी मिळून त्याला वर ठेवले. ट्रक गेल्यावर आकाराम यांच्या सदऱ्यावर हैबतीचे केस चिकटले होते. ते त्यांनी झटकले नाहीत. आम्ही दोघे बरोबर घरी आलो. त्या संध्याकाळी मी पीठ मळायला घेतले आणि सवयीने तिघांचे घेतले. जास्तीचे पीठ मी वाटीत काढून बनुबाईंच्या घरी नेऊन दिले. त्यांनी घेतले.

आज येथे आल्यावर हवालदारांनी मला चांदसाहेबांचा काल झालेला जबाब वाचून दाखवला. त्यात त्यांनी असे लिहून दिले आहे की, पत्र मी मुद्दाम चुकीचे वाचले, रंगूबाई अडाणी आहे, तिचा मुलगा मयत आहे हे तिला आजही माहीत नाही, कार्डावर नाव मी माझ्या मनाने चालू ठेवले, सर्व दोष माझा. तो वाचून झाल्यावर हवालदारांनी लेखणी बाजूला ठेवली व मला म्हणाले, "मावशी, त्यांनी एवढं लिवून दिलंय. तुमी फकस्त म्हना, मला कायबी ठावं न्हवतं. म्या तसं लिवतो. तुमी मोकळ्या झाला. तुमच्या मनात पोरगं बेपत्ता तर बेपत्ता, कोन काय करतंय?" हवालदार भला माणूस आहे. त्यांच्या सांगण्यावर मी थोडा वेळ विचार केला. पाणी मागून प्याले.

तसे म्हटले तर मी घरी जाईन आणि मानसिंग आणखी काही दिवस कार्डावर राहील, निदान माझ्या तोंडून तरी तो मेलेला होणार नाही. पण चांदसाहेब जातील. त्यांनी पत्र कशापायी खोटे वाचले? त्यांना त्यात काय मिळाले? एका बाईच्या तोंडाकडे बघून त्यांना ते शब्द उच्चारवले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. मी ते ओळखून घरी आले आणि वर्षभर त्यांच्या चांगुलपणाच्या आडोशाला बसून खाल्ले आणि खाऊ घातले. यावर आमच्या दोघांत कधी एक शब्द बोलणे झाले नाही. मला कळले आहे हे त्यांना कळले होते की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांचा जबाब माझ्यापुरता खोटा आहे. तो फिरवावा.

तरी मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, असे सांगते की, माझा मुलगा मानसिंग आकाराम जगदाळे हा डिसेंबर १९७१ च्या लढाईत मयत झालेला आहे. पलटणीचे पत्र आले त्या दुपारपासून मला ते माहीत आहे. माहीत असून मी त्याचे नाव कार्डावर ठेवले व त्याचे धान्य उचलले. चांदसाहेब मुलाणी यांनी ते माझ्या सांगण्यावरून दिले. दोष माझा. पलटणीचे पत्र, न पाठवलेले कागद व रेशन कार्ड सोबत आणले आहे, ते हजर करते. कार्डावरचे मानसिंगचे नाव कमी करावे, हा माझा अर्ज समजावा. आकाराम बाहेर पिंपळाखाली बसले आहेत. येत्या सोमवारी ते मुलाचे दिवस घालणार आहेत, त्यासाठी मला तोपर्यंत गावी राहू द्यावे एवढी विनंती आहे.

जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मुलाच्या नावापाशी आल्यावर ते एक शब्द गाळून पुढे गेले. मी त्यांना थांबवले व तो शब्द मोठ्याने वाचायला लावला. त्यांनी "मयत" असा वाचला. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा,
रंगूबाई आकाराम जगदाळे.

समक्ष,
सयाजी शेडगे, हवालदार.